रिजेक्ट माल

नरोलीतले आमचे शेजारी बादल्यांच्या कारखान्यात माल तपासायचे. घरी चहाचा कपसुद्धा उजेडात धरून, फिरवून पाहिल्याशिवाय तोंडाला लावत नसत. कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं तेव्हा मी त्यांनाच सोबत नेलं. त्यांनी एकेक पिल्लू उलटंपालटं करून हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, मग कानामागे टाळी वाजवली. माझ्या मनात भरलेल्या पांढऱ्या पिल्लानं मान वळवलीच नाही.

"बहिरं आहे भाऊ. रिजेक्ट! हे काळं घ्या, एकदम ओके."

मी हिरमुसून काळं घरी आणलं.

रविवारी त्यांच्या खोलीवर गेलो. कारखान्यात नापास झालेल्या, वाकड्या काठांच्या बादल्या तिथे नेहमीच असायच्या. एकीत कांदे, दुसरीत कपडे आणि आज तिसरीत, गोणपाटावर, ते पांढरं पिल्लू झोपलेलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते कुजबुजले, "हळू बोला भाऊ, उठेल ते."