पन्नासच्या जागी सत्तेचाळीस

जगात कुठलीच वस्तू हवी तेवढी नेमकी मिळत नाही आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नाही, यावर आमच्या रोडपालीच्या घरमालकांइतका गाढ विश्वास असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांच्या वडिलांची भातशेती नव्या शहराच्या सेक्टरांखाली गेली, उरल्या तुकड्यावर तीन मजली इमारत उभी राहिली आणि हातांना काम उरलं नाही, तेव्हा या घरमालक काकांना इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागला. रद्दीतल्या जुन्या मासिकांतली सर्किटं बघून ते काहीबाही बनवत बसतात. मासिकाला पन्नासचा कपॅसिटर हवा असतो आणि दुकानात मिळतो सत्तेचाळीसचा. दुसरा कुणी वैतागला असता, काका खूश झाले. "तीन कमी, तं काय झालं? आत मोजायला कोन बसलाय?"

पुढे हे तत्त्व त्यांनी संसारालाही लावलं. काकींच्या आणि त्यांच्या चष्म्याचा नंबर जवळपास सारखा म्हणून दोघांत एकच चष्मा ठेवला. एकदा कामोठ्याला लग्नाला निघाले आणि शेजारच्या हॉलमध्ये शिरले. पानावर बसल्यावर चूक लक्षात आली, तरी जिलबी संपवून, जोडप्याला आशीर्वाद देऊनच उठले. "नवरा-नवरी होते ना तिथं? मंग?" कपॅसिटर म्हणजे वीज थोडा वेळ धरून ठेवणारा चिमुकला डबा, आकडा मोठा तर वेळ जास्त, हे मला त्यांनीच शिकवलं. आमच्या दाराची घंटा बनवताना दहाचा संपला म्हणून त्यांनी शंभरचा घातला. पाहुणा घंटा दाबून आत यायचा, चपला काढायचा, पाणी प्यायचा, तरी घंटा आपली वाजतेच आहे. माझी बायको चिडली, पण काढू काही दिली नाही, कारण बनवली काकांनी होती.

आमच्या जिन्याला खिडकी नाही, भर दुपारीही तिथे अंधार असतो. तिथला दिवाही काकांचाच. बटण दाबलं की लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. गेल्या वर्षी काकी मासळी आणायला खाली निघाल्या, अर्ध्यात असताना दिवा विझला आणि पायरी चुकली. खुब्याचं हाड ऑपरेशननंतर जुळलं, भीती मात्र गेली नाही. डॉक्टर म्हणत, जिना उतरा. काकी म्हणत, "त्या अंधारात पाय टाकायची नाय मी." मासळीवालीशी रोज तासभर घासाघीस करणारी ही बाई तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून नुसती हाका मारत बसायची. एके दिवशी काका माझ्याकडे आले आणि खाली मान घालून म्हणाले, "मासिकात दीडशेचा होता. मी शंभरचा टाकला." अर्ध्या मिनिटाचा फरक.

"काका, साधं बटणच बसवा ना," मी म्हणालो.

"साधं बटन कोनीबी बंद करील."

त्यांना आता हजारचा हवा होता, म्हणजे दिवा दहा मिनिटं जळला असता. कळंबोलीत मिळेना, म्हणून चारशेसत्तरचे दोन आणून शेजारी शेजारी जोडले, की बेरीज होते. नऊशे चाळीस झाले. आणि ज्याला आयुष्यात तीन कमी पडले नव्हते, तो माणूस साठ कमी पडतात म्हणून दोन दिवस अस्वस्थ होता. शेवटी अडुसष्टचा एक बारका त्यात जोडला तेव्हा जेवला.

पहिल्या दिवशी काकी कठडा धरून दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दारापर्यंत आल्या आणि चहा पिऊन परत गेल्या, दिवा चालूच होता. मग पहिला मजला. मग एका सकाळी खालून मासळीवालीचा आणि त्यांचा आवाज चढलेला ऐकू आला. काका दारात उभे राहून ते भांडण आरतीसारखं ऐकत होते.

हल्ली काकी दीड मिनिटात खाली पोचतात आणि उरलेला वेळ दिवा रिकाम्या जिन्यात जळतो. मी म्हणालो, "काका, आता दीडशेचा चालेल की."

ते दिव्याकडे बघत म्हणाले, "राहू द्या. आज ती उतरते भराभर. उद्या मला येळ लागंल, परवा तुमाला."

माझ्या गुडघ्यांबद्दल मी अजून घरी काही बोललेलो नाही. पण हल्ली जिना उतरताना मी घाई करत नाही.