सर्वर डाऊन नव्हता

'सर्वर डाऊन हाय' हे वाक्य ज्यानं काढलं, त्याला एकदा आमच्या घोडेगावात आणून दिवसभर बाकावर बसवला पाहिजे.

शाळेच्या कचेरीत माझी उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर एकदा सातबाऱ्याची प्रत काढायला ऑनलाइन सेवा केंद्रात गेले होते. बाकावर डोंगरातल्या एका वाडीची मुलगी बसलेली, नुकती दहावी झालेली. तिला सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरायचा होता आणि मुदतीचा तो शेवटचा दिवस. वसतिगृह मिळालं तर कॉलेज, नाही तर घरी बसायचं आणि पुढं लग्न. खेटे घालून तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

"सर्वरच डाऊन हाय, मी तरी काय करू?" केंद्राचे मालक मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले. "लई दिस झालं. वरनंच बंद हाय."

"वरनं म्हणजे कुठनं हो?" मी विचारलं.

"पुण्यावरनं. न्हाईतर दिल्लीवरनं."

मी स्क्रीनकडे पाहिलं. कोपऱ्यातली तारीख ही मुलगी पाळण्यात असतानाची! मधोमध कॉम्प्युटर इंग्रजीत स्वच्छ सांगत होता, तुमचं घड्याळ मागे आहे. मालकांनी ते न वाचताच बंद केलं. "लाल काय आलं की समजायचं, सर्वर डाऊन."

माझं डोकंच फिरलं. नाचता येईना अंगण वाकडं! विचारल्यावर कळलं, वळवाच्या विजा सुरू झाल्यापासून हे गृहस्थ रोज संध्याकाळी कॉम्प्युटरची पिन काढून ठेवत होते, घरोघरी टीव्हीची काढतात तशी. पण जुन्या कॉम्प्युटरच्या आतला बटणाएवढा सेल मेलेला असला, की पिन काढल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो. तारीख चुकली की साईट उघडत नाही. आमच्या शाळेतल्या खटाऱ्यानं मला हे कितीदा भोगायला लावलं होतं.

"उठा," मी म्हणाले.

"मॅडम, हात नका लावू, बिघडंल!"

"आता बिघडायचं काय राहिलंय?"

तारीख आणि वेळ बदलली. साईट उघडली, मुलीचा अर्ज गेला. मालक तिला म्हणतात कसे, "बघ, आला का न्हाई सर्वर? नशिबात व्हतं तुझ्या."

नशीब! मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

मुलगी मात्र जागची हलेना. "काल आमच्या वाडीच्या दोगी ह्याच अर्जासाठी आल्या व्हत्या," ती मालकांना म्हणाली. "तुमीच म्हनला, मुदत वाढनार हाय, आता उगं येऊ नका."

मालकांनी मान परत मोबाईलमध्ये घातली. तिनं फोन लावला, परत लावला. वाडीत रेंज नव्हती, आणि तिकडं जाणारी एसटी थेट संध्याकाळी, परतीची दुसऱ्या दिवशी सकाळी.

"मॅडम, मी पोचून त्यांना सांगंस्तोवर मुदत सरंल का हो?" तिनं मला विचारलं.

मघापासून तोंड सोडून बोलणारी मी, मला तिला साधं 'हो' म्हणता येईना.