कोच रहीमना उशिरा मिळालेला पुरस्कार

मंडळी, आज पुंगोलला लेकीच्या शाळेत फुटबॉल कोच रहीम यांचा सत्कार झाला. पुरस्कार घ्यायला त्यांची पत्नी आली होती. कोच महिन्यापूर्वी कॅन्सरने गेले.

पुण्याहून इथे परदेशात आल्यावर माझी ईरा शाळेत कोणाशीच बोलायची नाही. कोचनी तिला टीममध्ये घेतलं, हळूहळू बोलतं केलं. आता ती कॅप्टन आहे. त्यांचे आभार मानायला मला मात्र ऑफिसातून कधी सवड झाली नाही.

कार्यक्रमानंतर मी त्यांच्या पत्नीला हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हॉस्पिटलमध्ये ते सारखे विचारायचे, मुलींना माझा काही उपयोग झाला असेल का?"

उत्तर माझ्याकडे होतं. दोन वर्षं होतं.

तुमचंही कोणाला काही सांगायचं राहिलंय का?