विहिरीवरची शिळा
ओल्या कुंकवाचा वास आला की मला पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्याकाठची ती जुनी दगडी विहीर आठवते. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट, मी लग्न होऊन जवळच राहायला आले होते. बाजारात मासळी विकून गव्हाण गावाकडे परतणाऱ्या बायका रिकाम्या टोपल्या उतरवून तिथे पाणी प्यायच्या, पण पहिली ओंजळ कठड्यात बसवलेल्या शिळेवर वाहायच्या. ती त्यांची देवी होती, तिला हळद-कुंकू असायचं. एका दुपारी त्यांच्याबरोबर मीही ओंजळ वाहिली, तर वरचं कुंकू ओघळून गेलं आणि खाचांत उरलेल्या लालीने अक्षरं उठून दिसली. "काय लिवलंय गो?" एका वयस्कर बाईने विचारलं, म्हणून मी वाचलं. कुणा गृहस्थाने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ, वाटसरूंसाठी ही विहीर बांधली होती. "म्हंजे देवी नाय?" ती म्हणाली. मी नाही अशी मान हलवली, आणि आता बोलणी खावी लागणार असं वाटलं. तिने अंबाड्यातली अबोलीची वेणी सोडवली आणि शिळेवर ठेवली. काही दिवसांनी पाहिलं, तर ती शिळेला टेकून काहीतरी पुटपुटत होती. मला पाहून हसली. "देवीला घरचं गाऱ्हानं कसं सांगनार? ही आपल्यातलीच हाय, हिला समदं सांगता येतं." सासूबाईंविषयीचं माझंही बरंच काही त्या शिळेला ठाऊक आहे, आणि इतक्या वर्षांत त्यातलं काहीच बाहेर गेलेलं नाही.