लातूरचं मत, नांदेडची माय

आमचं गाव लोह्याजवळ. जिल्हा नांदेड, पण लोकसभेचं मत लातूरच्या उमेदवाराला. मतदारसंघ आखताना कुणीतरी नकाशावर रेघ ओढली आणि आम्ही पलीकडं पडलो. नांदेड तासाभरावर, लातूर कितीतरी लांब. माझी थोरली बहीण, अक्का, नांदेड शहरात दिलेली. तिचा खासदार तिच्या गल्लीतनं हात जोडत जायचा. माझा मी फक्त बॅनरवर पाहिला. यावरून मी अक्कावर जळायचे, खोटं कशाला बोलू?

पण खरा जळफळाट झाला तो मायच्या नावावरून. मी गावातच दिलेली, माय तीन घरं सोडून राहायची. गुडघ्याच्या औषधपाण्यासाठी अक्कानं तिला नांदेडला नेलं आणि मला न विचारता मतदार यादीत तिचं नाव तिकडं चढवलं. म्हणजे माय आता कायमची तिची! त्याआधी दर मतदानाला माय आणि मी ठेवणीतलं लुगडं नेसून शाळेच्या रांगेत बरोबर उभ्या राहायचो. फोनवर विचारलं, "माय, परत कवा येतीस?" तर एवढंच म्हणायची, "बघू." त्या 'बघू'चा मला लई राग यायचा.

गेल्या लोकसभेला नांदेडचं मतदान आधी झालं. अक्कानं घरच्या ग्रुपवर शाई लावलेल्या दोन बोटांचा फोटो टाकला. एक तिचं, एक मायचं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

लातूरचं मतदान पुढच्या टप्प्यात होतं. त्या सकाळी माय एकटीच एसटीतनं उतरली, ठेवणीतलं लुगडं नेसून.

"चल," म्हणाली. "तिथं नांदेडचं दिलं, हितं लातूरचं देते."

"माय, तसं न्हाई चालत."

ऐकतेय कुठली! शाळेत यादी चाळून झाली, नाव नव्हतं. कर्मचाऱ्यानं तिच्या नखाकडं पाहिलं. "आजी, तुम्ही तर मत दिलंय की."

"ते लेकीनं नेलं म्हणून दिलं. माझ्या गावचं राह्यलंय."

सगळी रांग हसली. मला हसू आलं नाही. मी एकटीनंच मत दिलं आणि बाहेर येऊन दोघींच्या बोटांचा फोटो ग्रुपवर टाकला. माझी शाई ताजी, तिची उडत आलेली.

लगेच अक्काचा फोन आला. आवाज बारीक झालेला. "माय परत कवा येनार हाय?"

मी फोन मायच्या कानाला लावला.

"बघू," माय म्हणाली.