शर्मिलाच्या बंद दारामागचा ब्लाउज

कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीत बातमीला लिफ्ट लागत नाही, ती जिन्यानेच आधी पोचते. गेल्या आठवड्यातली बातमी अशी, की तिसऱ्या मजल्यावरच्या गिरजाबाई भर दुपारी सुनेला खोलीत कोंडतात आणि स्वतः पहाऱ्याला बसतात.

दार बंद असायचं हे खरं. पण कडी आतून, आणि ती लावायची खुद्द सून, शर्मिला. सासू आत खुर्चीवर मेथी निवडत बसलेली.

शर्मिला ब्लाउज शिवते. फिटिंगला नाव ठेवायला जागा नाही, फक्त ब्लाउज वेळेवर मिळायला नशीब लागायचं. एक शिवायला घेतला की हुक आणायला उठायची, वाटेत सुकलेली कुंडी दिसायची, पाणी घालताना तिसरंच काही आठवायचं. दिवाळीचा ब्लाउज संक्रांतीला. एक नवरी तर रेडिमेडला टाचण्या लावून उभी राहिली, तेव्हापासून गिऱ्हाईकं दुसरीकडे वळली.

शेवटी लेक पायल तिला वाशीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तिथे कळलं, हा एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, लहानपणापासूनचा. गोळी सुरू झाली. वर सल्ला, की काम करताना कुणीतरी शेजारी बसावं. टोकू नये, नुसतं बसावं.

"एवढी वर्षं आळशी म्हणून घेतलं मी," शर्मिला घरी येऊन रडली.

"रडू नगं," जालन्याकडच्या गिरजाबाई म्हणाल्या. "बसायचंच हाय ना? बसते की."

"न टोकता, आजी?" पायलने विचारलं.

"त्येच जरा अवघड हाय."

तेवढ्यात शर्मिलाच्या मैत्रिणीच्या लेकीचं, गीतांजलीचं लग्न ठरलं. रविवारी बौद्ध पद्धतीने मंगल परिणय, पांढरी साडी, पांढरा ब्लाउज, आणि तो शिवायला आला शर्मिलाकडे. शर्मिलाने सासूला सांगून टाकलं, "हा चुकला ना, तर मशीन विकून टाकते."

शनिवारी दुपारी बाह्या अदलाबदल झाल्या. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. पांढऱ्यावर पांढरा दोरा, उसवायला टाका दिसेना. एरवी असला ब्लाउज पिशवीत जायचा आणि पिशवी कपाटावर. शर्मिला उठून दारापर्यंत गेली, कडीला हात लावला. गिरजाबाईंच्या ओठांवर काहीतरी आलं. त्यांनी ते गिळलं आणि मेथीची पानं भराभर खुडायला लागल्या. शर्मिलाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग निमूट येऊन खिडकीच्या उजेडात बसली आणि एकेक टाका उसवू लागली.

संध्याकाळी गीतांजलीने ब्लाउज घातला, दोन्ही हात वर करून पाहिले, आरशासमोर गिरकी घेतली. "काकी, मस्त बसलाय."

शर्मिला तिला गेटपर्यंत सोडायला उतरली, तर तिथे तळमजल्यावरच्या प्रेमलाताई टपलेल्याच. "काय गं, औषध चालू आहे म्हणे. बरी झालीस ना मग?"

शर्मिला म्हणाली, "ब्लाउज वेळेवर झाला, ताई. सध्या तेवढ्यावर भागवा."