तीन वाट्यांचे सर

"तिसरी वाटी रिकामी आहे," असं म्हणून सर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि समोरच्याकडे बघत स्वस्थ बसायचे. समोरचा घाम पुसायचा. कलकत्त्यातली बरीच मराठी माणसं या वाक्याला वचकून असत, आणि तरी अडलं की बेहाल्याचा, सरांच्या घराचाच रस्ता धरत.

सर आयुष्यभर कॉलेजात एकच विषय शिकवत आले. आपल्याला हव्या असलेल्या गोष्टी एकमेकींशी भांडत असतील, तर निवड कशी करायची? निवृत्त झाल्यावर त्यांनी तो विषय जेवणाच्या टेबलावर आणला. टेबलावर स्टीलच्या तीन वाट्या. तुम्हाला जे जे हवं ते एकेका चिठ्ठीवर लिहायचं. सुधारायलाच हवं ते पहिल्या वाटीत, आहे तसं चालेल ते दुसरीत, आणि थोडं बिघडलं तरी चालेल ते तिसरीत. मग सर लॅपटॉपवर त्यात बसेल असा पर्याय शोधून दाखवत आणि वाट्या पुन्हा तुमच्यापुढे सरकवत. तुमचं समाधान होईपर्यंत हेच. सल्ला मात्र कधी नाही. "निर्णय ज्याचा, त्यालाच विचारायचं. त्याच्या वतीने अंदाज बांधायचे नाहीत," हा त्यांचा एकमेव दंडक.

बँकेच्या बदलीवर मी इथे आले तेव्हा मला घर हवं होतं. एस्प्लनेडच्या ऑफिसजवळ, शांत, भरपूर उजेडाचं, खाली दुकानं असलेलं. सगळ्या चिठ्ठ्या मी पहिल्या वाटीत टाकल्या. "असं घर स्वर्गात मिळतं," सर म्हणाले, "पण तिथून ऑफिस लांब पडेल." शेवटी अंतराची चिठ्ठी मी तिसऱ्या वाटीत टाकली. चौथ्या फेरीला लॅपटॉपने जी जागा दाखवली, ती सरांच्याच घराचा तळमजला होता. सर कानापर्यंत लाल झाले. "हे गणिताने काढलंय हं, मी नाही!" आतून काकू हसल्या. काकू बंगाली. सरांशी, माझ्याशी, सगळ्यांशी बांगलाच बोलायच्या. टेबलावर वाट्या दिसल्या की कपाळाला हात लावायच्या. "आबार बाटी!" पुन्हा वाट्या!

पुढे काकूंचे हात थरथरू लागले. चालताना तोल जाऊ लागला. सरांचं हृदयही कुरकुरत होतं. पुण्याहून मुलगी रोज फोन करायची, "दोघंही इकडे या." एका रविवारी सकाळी सरांनी मला वर बोलावलं आणि चक्क स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

"आज तू विचार. मी उत्तरं देतो."

चिठ्ठ्या तयारच होत्या. पहिल्या वाटीत काकूंचे उपचार, काकूंना कायमची सोबत, काकूंशी बांगला बोलणारी माणसं. तिसरी वाटी मात्र भरून वाहत होती. त्यांची पुस्तकं, त्यांचे मित्र, दर शनिवारी संध्याकाळी शंका घेऊन येणारे जुने विद्यार्थी. स्वतःचं होतं नव्हतं ते सगळं त्यांनी तिथे टाकलं होतं.

तीन फेऱ्या झाल्या. दर वेळी गाडी त्या बांगलाच्या चिठ्ठीशी अडायची. पुण्याला जायचं तर ती बिघडणार, इथे राहायचं तर सोबत कोण? आणि सर ती चिठ्ठी हलवायला तयार नव्हते.

"पुण्यात ती मुकी होईल गं," ते म्हणाले. "आणि इथेच राहिलो, ती पडली आणि मला उचलता आली नाही तर?" इतक्या वर्षांत मी सरांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं.

मी भीतभीतच म्हटलं, "सर, काकूंना विचारलंत?"

सर माझ्याकडे बघतच राहिले. तुम्हीच सांगा, जन्मभर दुसऱ्यांना जे बजावलं, तेच हा माणूस स्वतःच्या घरात विसरला होता. "ती घाबरेल म्हणून..." एवढंच पुटपुटले आणि चिठ्ठी घेऊन आत गेले. मी दाराशी उभी राहिले.

काकूंनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली. मग मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं असं ठसठशीत मराठी ऐकलं.

"तुझ्या आईशी पंचवीस वर्षं मराठीत भांडले मी, विसरलास? आता पुण्याला घाबरू? मला लेक जवळ हवी आहे." थोडं थांबून म्हणाल्या, "माझं निभेल. तुझं कसं होणार?"

"माझं काय!" सर हसले. "मी तर सगळं सोडायला तयार आहे."

दुर्गापूजा झाल्यावर ते गेले. टॅक्सीत काकू आधी बसल्या. सर फाटकाशी उगाच कडी लाव, काढ करत राहिले, तेव्हा मनातलं बोलले नाहीत म्हणून मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. सर मला फार आवडायचे.

परवा शनिवारी मी फोन केला. आधी काकू बोलल्या, शेजारणी, डॉक्टर, तिथला बेचव मासळीबाजार, सगळं मराठीत, धबाधबा. मग सर आले.

"हिचं झकास चाललंय," म्हणाले.

"आणि तुमचं?"

"शनिवारची संध्याकाळ झाली की दार उघडून उभा राहतो गं," ते म्हणाले. "कोणी येणार नाही हे ठाऊक असतं. सोडलं म्हटलं म्हणून सुटत नाही, हे मी कुणाला शिकवलंच नाही."

मी फोन ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही. पलीकडे काकू कोणाशी तरी मोठमोठ्याने मराठीत हसत होत्या.